पाळणाघर योजना, शासकीय

सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना, आणि त्यांतही विशेषत्वे तीन वर्षांखालील मुलांना, आई कामावर असताना अथवा अन्य कारणाने तिला त्यांच्यापाशी थांबता येत नसताना, दिवसाचे काही तास सांभाळ, आहार, निद्रा व आरोग्यतपासणी यांची सोय सार्वजनिक निधीतून पूर्णतः वा अंशतः करून देणारी व्यवस्था. भारतात तिचे दोन प्रवाह आहेत : शासनाच्या अनुदानावर चालणारी पाळणाघरे आणि कायद्याने मालकावर सोपविलेली पाळणाघरे. दुसऱ्या प्रवाहात सरकारी पैसा नसला, तरी इतिहासक्रमात तोच आधीचा असल्याने त्याचा विचार येथे केला आहे. अंगणवाडी ही या व्यवस्थेची निकटची संस्था होय. मात्र ती दिवसातील थोडेच तास चालते आणि तीन वर्षांखालील बालकांना तिच्याकडून मुख्यतः घरी न्यावयाचा शिधा, वजनाची नोंद व लसीकरण एवढेच मिळते. दिवसभराच्या सांभाळाचा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

पूर्वेतिहास : मुंबईच्या कापड गिरण्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला लागल्या, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांचे काय होते, याची अधिकृत चौकशी बऱ्याच उशिरा झाली. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत गिरणी कामगार स्त्रियांच्या चाळींतून फिरून जो अहवाल सादर केला, त्यात आई कामावरून परत येईपर्यंत मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देण्याची चाल जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे नमूद आहे. चाळीतील त्या एका खोलीत मुलापाशी थांबायला दुसरे कोणी नव्हते, आणि ही गोळी म्हणजे मातेची बेपर्वाई नसून सांभाळाच्या अभावाला तिने शोधलेला एकमेव तोडगा होता, हे त्या अहवालाच्या वाचकाने ध्यानी घेतले पाहिजे. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी स्वतंत्र खोली ठेवण्याचा नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. आणि १९४८ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने ही तरतूद सक्तीची केली. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रियांची ही मर्यादा पन्नासावरून तिसावर आली. या सर्व तरतुदींत गणना होते ती कामगार स्त्रियांची. मुलांची गणना कोठेच नाही.

बोर्डी व कोसबाड : या विषयाला वेगळी दिशा देणारे कार्य कारखान्याच्या आवारात न होता ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर) किनारपट्टीवर झाले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढले. त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. आणि १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या निकट, हलविण्यात आले. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नसतील, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडीचा प्रयोग आकाराला आला. मुलांना प्रथम आंघोळ घालावयाची, त्यांची नखे काढावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, खेळ, शिंपले व बिया यांकडे वळावयाचे, असा तेथील क्रम होता.

या प्रयोगातील जी गोष्ट आजच्या योजनांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची, तिची नोंद मात्र बहुधा ओझरतीच घेतली जाते. शाळेच्या दाराशी सातआठ वर्षांची मुलगी येऊन उभी राही, पण आत बसू शकत नसे, कारण तिच्या कडेवर वर्षदीड वर्षाचे भावंड असे. आईबाप गवत कापायला अथवा जंगलकामाला गेलेले, आणि त्या भावंडाची संपूर्ण जबाबदारी तिच्यावर. मुलीला दटावून, पटावर नाव घालून वा पालकांना समज देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ‘विकासवाडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत थोरल्या बहिणीने धाकट्याला पाळणाघरात सोपवावे आणि स्वतः पलीकडच्या वर्गात जाऊन बसावे, अशी सोय झाली. पाळणाघर हे केवळ नोकरदार मातेच्या सवलतीचे साधन नसून थोरल्या मुलीच्या शिक्षणाची ती पूर्वअट आहे, ही गोष्ट कोसबाडने प्रत्यक्ष करून दाखविली. त्यानंतरच्या शासकीय नियमावल्यांत २०२२ पर्यंत पात्रतेचा निकष आईच्या कामाचे दिवस हाच राहिला, आणि बहिणीचा विचार त्यांत कोठेही झाला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

अनुदान योजनांचा विकास : दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांना अनुदान देण्याची प्रथा पाडली. १९७४ च्या राष्ट्रीय बालधोरणानंतर कामकरी व आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांची केंद्रीय योजना सुरू झाली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा ३३ प्रकल्पांनिशी प्रारंभ झाला. महाराष्ट्रातील धारावी व मेळघाटातील धारणी हे त्यांपैकी होत. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी उभारण्यात आला, आणि २००६ च्या आरंभी या योजनांचे एकत्रीकरण होऊन राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना अस्तित्वात आली. तिची अंमलबजावणी केंद्रीय समाजकल्याण मंडळ, भारतीय बालकल्याण परिषद व भारतीय आदिमजाति सेवक संघ यांच्याकडे होती. २०१७ पासून ती राज्यांकडे सोपविताना खर्चाची विभागणी बदलली. पूर्वी वीस हजारांच्या वर गेलेली पाळणाघरांची संख्या या संक्रमणाच्या आगेमागे झपाट्याने घटली. घटीची कारणे निरनिराळी सांगितली जातात.

राष्ट्रीय योजनेच्या नियमांनुसार पाळणाघरात २५ मुले, एक कार्यकर्ती व एक मदतनीस असावी, ते महिन्याचे २६ दिवस व दररोज साडेसात तास चालावे, आणि शक्यतो वस्तीपासून अर्ध्या ते एक किलोमीटरच्या आत असावे, असे अपेक्षित होते. तीन वर्षांखालील मुले अधिक असतील, तेथे दोन स्त्रियांनी २५ जणांचे भरविणे, निजविणे व स्वच्छता सांभाळणे हे या विषयाच्या जाणकारांच्या मते अशक्यप्राय आहे.

२०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ‘मिशन शक्ती’च्या ‘सामर्थ्य’ या विभागात ‘पालना’ या नावाने योजनेची पुनर्रचना झाली. अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड द्यावी, हा तिचा मुख्य आशय असून अशा १७,००० केंद्रांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचे खर्चाचे प्रमाण ६०:४० आहे. आई नोकरी करते की नाही, ही अट आता उरलेली नाही. पूर्वी महिन्यातील किमान १५ दिवस अथवा वर्षातील सहा महिने कामाचे दाखवावे लागत. शेतावरच्या, घरकामाच्या व फेरीवाल्या स्त्रीकडे मालकाचा दाखला असण्याचा संभव नसल्याने या बदलाचे महत्त्व फार मोठे आहे.

अर्ज व प्रवेश : महाराष्ट्रात कुटुंबाने प्रथम आपल्या वस्तीतील अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी. जवळच्या कोणत्या अंगणवाडीला पाळणाघर जोडलेले आहे, याची माहिती तिच्याकडे वा तिच्यावरील पर्यवेक्षिकेकडे मिळू शकते. न मिळाल्यास बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात जावे. शहरांतून यासाठी स्वतंत्र नागरी प्रकल्प आहेत, ग्रामीण भागात हे काम जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे येते. अर्जाचा नमुना व मागितले जाणारे कागद स्थळपरत्वे भिन्न असतात. तरी मुलाचा जन्मदाखला, माता व बाल संरक्षण कार्ड, आईचे आधारपत्र आणि रहिवासासाठी शिधापत्रिका एवढे जवळ ठेवल्यास खेटे वाचतात. यांपैकी माता व बाल संरक्षण कार्ड सर्वांत उपयोगी, कारण लसींच्या नोंदी व वजनाचा आलेख दोन्ही त्यातच असतात. वजनाचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरलेला असेल, तर तो अर्ज देताना मुद्दाम दाखवावा.

अंगणवाडीच्या सेवांना शुल्क नाही व उत्पन्नाची मर्यादाही नाही. पाळणाघरासाठी राष्ट्रीय योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास दरमहा २० रुपये, मासिक उत्पन्न १२,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यास १००, व त्याहून अधिक असणाऱ्यास २०० रुपये असे दर होते. सध्याचा दर केंद्रावर विचारून घ्यावा. विनंती लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

वस्तीत अंगणवाडीच नसेल, तर १३ डिसेंबर २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेता येतो. सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या व अंगणवाडी नसलेल्या गावास वा झोपडपट्टीस, मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळण्याचा हक्क त्या निकालाने मान्य केला. मुलांची नावे व वये यांची यादी जोडून हा अर्ज रहिवाशांनी एकत्रितपणे करावा; ग्रामसभेचा ठराव सोबत असल्यास उत्तम. हा हक्क अंगणवाडीपुरता आहे, पाळणाघराला तो लागू नाही. शिधा न मिळाल्यास २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व पुढे राज्य अन्न आयोगाकडे दाद मागता येते.

मालकाची पाळणाघरे : १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याला २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस पाळणाघर बंधनकारक केले, आणि मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. येथे प्रथमच गणनेत पुरुष कर्मचारीही आले. नेमणुकीच्या वेळी या हक्काची माहिती स्त्रीला लेखी देणेही या दुरुस्तीने मालकाचे कर्तव्य ठरविले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासाची मर्यादा आढळते.

बांधकाम व रोजगार हमी : मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी सुरू केलेली फिरती पाळणाघरे १९७२ मध्ये मुंबईत आली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टाने कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास ती सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिला मजुरीच्या दराने रोज देण्याची तरतूद केली.

सेविकांचे मानधन : मानधन की वेतन, हा प्रश्न वादग्रस्त आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क मान्य केला.

अन्य राज्ये : गोव्यात अंगणवाड्यांचे प्रशासन महिला व बालविकास संचालनालयाकडे आहे. कर्नाटकात २०२३ पासून ग्रामपंचायतींमार्फत ‘कूसिन मने’ ही तीन वर्षांखालील मुलांची पाळणाघरे चालविली जातात.