वाळूचे अग्निदिव्य

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात १७०९ हे साल हटकून येते. त्या वर्षी इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बीने कोकवर लोखंड गाळले. माझ्या मते १७०७ हे सालही तितकेच मोलाचे आहे. त्या वर्षी डार्बीने घेतलेले पेटंट कोकसाठी नव्हते, वाळूसाठी होते! लोखंडी भांडी चिकणमातीच्या साच्याऐवजी केवळ वाळूत ओतण्याची ती रीत होती. मातीचा साचा घडवणे, वाळवणे हे वेळखाऊ काम. वाळूने भांडे स्वस्त केले.

या विषयाकडे मी पुस्तकातून आलो नाही. माझे वडील कोल्हापुरात एका फाउंड्रीत मोल्डर होते. एका पावसाळ्यात तिथली अख्खी खेप बाद झाली. बिडावर वाळू काचेसारखी चिकटली होती, छिन्नी चालेना. दोष वडिलांच्या हातावर आला, पगार कापला गेला. "वाळू जळाली," एवढेच ते म्हणत.

वाळू जळते म्हणजे काय? बीड साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सिअसला ओततात. शुद्ध गारेची वाळू सुमारे १७०० अंशांपर्यंत टिकते. म्हणजे ती एकटी वितळत नाही. तप्त बिडावर लोखंडाचा ऑक्साइड तयार होतो, त्याचा गारेशी संयोग होतो आणि हे संयुग १२०० अंशांच्या आसपासच पातळ होते. वाळूत अभ्रक, फेल्डस्पार किंवा शिंपल्यांचा चुना असेल तर ताकद आणखी घटते. पुन्हा पुन्हा वापरलेल्या वाळूत भाजलेल्या मातीची धूळ साचते, तिचाही तोच परिणाम.

यावरचा जुना उपाय म्हणजे दगडी कोळशाची भुकटी. ती साच्यात जळताना प्राणवायू खाऊन टाकते आणि कणांवर कर्बाचा पातळ थर चढवते. मग बीड वाळूला धरत नाही. जोडीला कासार्ड्यासारखी स्वच्छ गारेची नवी वाळू अधूनमधून मिसळावी लागते.

साचा सैल ठोकला तरी वाळू चिकटते, हे खरे; म्हणून वडिलांवरचा आरोप मी आधी तपासला. ते गेल्यावर त्यांची कामाची वही हाती आली. बाद खेपेच्या आधीचे तीन आठवडे रोज एकच नोंद होती: "भुकटी नाही. नवी वाळू नाही."

डार्बीच्या पेटंटची नोंद इतिहासात आहे. या वहीची नोंद कुठेच नव्हती, म्हणून हा लेख.