पाठमोऱ्या इमारतीची गोष्ट

आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडी दिवाळीत पाहुणे येत ते दोन कारणांनी: एक फराळ आणि दुसरी मुंबई. फराळाची बाजू आई सांभाळी. मुंबई दाखवण्याचा मक्ता काकांकडे असे. भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी सकाळीच काका कोट-टोपी चढवीत, ढगाचा मागमूस नसला तरी छत्री काखेत मारीत, आणि सातारा-सांगलीकडची पाच-सात माणसे बसमध्ये कोंबून अपोलो बंदरावर नेत.

तिथे पोचल्यावर पाहुणे साहजिकच गेटवेकडे आणि समुद्राकडे पाहू लागत. काका त्यांना तसे पाहू देत नसत. "आधी पाठ फिरवा," असा हुकूम होई. मग सारी वरात ताजमहाल हॉटेलाकडे तोंड करून उभी राही आणि काका छत्रीचे टोक घुमटाकडे रोखून म्हणत, "ही इमारत उलटी आहे!"

गोष्ट अशी होती. एका गोऱ्या साहेबाने या हॉटेलाचा नकाशा काढला. दरवाजा समुद्राकडे, परसू गावाकडे. नकाशा मुकादमाच्या हाती देऊन साहेब विलायतेला रजेवर गेला. इकडे कामगारांनी नकाशा धरला उलटा. साहेब परत आला, बोटीतून आपली इमारत पाहू लागला, तो इमारत त्याच्याकडे पाठ करून उभी! साहेब तडक वरच्या मजल्यावर गेला आणि त्याने खाली उडी टाकली. एवढे सांगून काका छत्री फटकन खाली आणीत. पाहुण्यांतल्या बायका "अगंबाई!" म्हणत. मी ही गोष्ट वयाच्या सातव्या वर्षापासून दर दिवाळीला ऐकली आणि दर वेळी ती छत्री खाली येताना माझ्या पोटात गोळा आला. मी चित्रे काढू लागलो त्याला हा गोळाही थोडाफार कारणीभूत असावा.

पुढे मी चित्रशाळेत दाखल झालो. १९७३ साली, शेवटच्या वर्षाला असताना, आमच्या मास्तरांनी एक नवीच टूम काढली. वर्षअखेरच्या प्रदर्शनात चित्रे नुसती खिळ्याला टांगायची नाहीत. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा आणि एक भिंत 'मांडायची'. काय पुढे, काय मागे, कोणते चित्र कोणाच्या शेजारी, खाली चिठ्ठीत मजकूर काय, हे सारे विद्यार्थ्याने ठरवायचे. मी विषय घेतला 'मुंबईच्या ऐकीव गोष्टी'. मास्तर म्हणाले, "विषय बरा आहे. पण मांडणी कशाशी खातात ते आधी राणीच्या बागेतल्या म्युझियमात जाऊन बघ."

ते म्युझियम १८७२ साली लोकांसाठी उघडले. त्याच्या उभारणीसाठी जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी खटपट केली. मी गेलो तेव्हा ते अजून 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट' होते; १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. शाळकरी वयात मी तिथे अनेकदा गेलो होतो, पण तेव्हा वाघ-हत्ती पाहून झाल्यावर सावलीसाठी आत शिरायचे, इतकाच संबंध. या खेपेला मी चार दिवस वही घेऊन बसलो. तिथे मातीची चिमुकली माणसे आहेत, वेगवेगळ्या जातीधंद्यांची, आपापल्या पागोट्या-लुगड्यांसकट. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. स्कूलचे प्रिन्सिपॉल सेसिल बर्न्स म्युझियमचाही कारभार पाहत, त्या काळात असे बरेच काम तिथे झाले. वीतभर उंचीचा मातीचा माणूस रस्त्यात पडला असता तर पोरांनी खेळून मोडला असता. काचेच्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर, भोवती मोकळी जागा सोडून ठेवला की पाहणारा आवाज खाली करून बोलू लागतो. वस्तू कुठे ठेवली यावर तिचे वजन ठरते, हे मी तिथे शिकलो. चिठ्ठीवर जे लिहिले ते पाहणारा निमूटपणे खरे मानतो, हेही तिथेच दिसले. त्यातली जोखीम मात्र ध्यानात आली नाही.

बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. शेजारच्या आवारात १९६५ साली हलवलेला काळा घोडाही त्याच्या राजासकट येऊन राहिला होता. (घोडा गेला तरी चौकाचे नाव काळा घोडाच राहिले. मुंबईकर पुतळ्यापेक्षा नावाला अधिक जपतो.) हत्तीचे चित्र काढत बसलो असता बागेतला एक माळी जवळ आला आणि म्हणाला, "ह्यो हत्ती साहेब लोक विलायतेला नेत हुते. उचलताना साखळी तुटली न् तुकडं तुकडं झालं. मग हितं आणून जोडला." मी हसलो. माळ्याने विडी पेटवली. गोष्ट मात्र मी वहीत टिपून घेतली.

प्रदर्शन भरले. माझ्या भिंतीवर नऊ चित्रे होती. वरळीच्या खाडीचा बांध पुनःपुन्हा खचत असता रामजी शिवजी प्रभूंना झालेला महालक्ष्मीचा दृष्टांत होता, आणखीही काही होते. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. मधोमध, साडेचार फूट उंचीचे, काळ्या-निळ्या रंगात, घुमटावरून कोसळणाऱ्या साहेबाचे चित्र होते. कोटाचे पंख झाले आहेत, टोपी अजून वरच तरंगते आहे, आणि खाली इमारत पाठ करून उभी. म्युझियमात शिकलेली सारी अक्कल मी तिथे खर्च केली. दोन्ही बाजूंना भिंत मोकळी सोडली. खाली सुबक अक्षरांत चिठ्ठी लावली: 'या इमारतीच्या युरोपियन स्थापत्यकाराने नकाशा उलटा बांधला गेल्याचे पाहून येथेच प्राण दिला.' कोपऱ्यात, लहानशा चौकटीत, तुटलेल्या साखळीखाली फुटणारा हत्ती होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: 'अशी एक दंतकथा आहे.'

गर्दी साहेबापुढे झाली. माझ्या छातीचे माप दोन इंच वाढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. खिशात तीन पेन्सिली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी चित्रे पाहिलीच नाहीत म्हटले तरी चालेल. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. सगळ्या वाचून झाल्यावर मला विचारले, "हे तू केलंस का बाळ?"

मी मोठ्या नम्रतेने हो म्हटले.

"हात चांगला आहे तुझा. पण दोन चिठ्ठ्या उलट्या लागल्यात. हत्तीची साहेबाला लागलीय आणि साहेबाची हत्तीला."

ते रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, नुकतेच निवृत्त झालेले. दारातल्या बाकावर बसून त्यांनी मला जे सांगितले ते पुढे अनेक वर्षे पुस्तकांतून पडताळून पाहत आलो, आणि दर वेळी म्हातारबुवाच खरे ठरले. हत्तीची गोष्ट खरी. १८६४ साली तो इंग्लंडला पाठवायचे घाटत होते. उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्ती फुटला. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. पोर्तुगीजांनी ज्या हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव दिले, तोच हा. माझ्या माळ्याने एक शब्दही वाढवला नव्हता.

"आणि साहेब?" मी विचारले.

"साहेब पडला कधी? मुळात साहेबाने काढलंच नव्हतं ते. नकाशा काढला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्यांनी, आणि त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा. वैद्य स्टीव्हन्सच्या हाताखाली बोरीबंदरच्या कामावर असिस्टंट इंजिनियर होते. इमारत पुरी होण्याआधीच ते वारले. मग चेंबर्स नावाच्या साहेबाने ती पुरी केली. १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं."

"पण मग तोंड गावाकडे का?"

"अरे, घोडागाड्या गावातून येणार की समुद्रातून?"

म्हातारबुवा हसले नाहीत. त्यांनी आणखी एकच वाक्य सांगितले, तेही चष्मा पुसत: "आमच्या खात्यात शेकडो नकाशे निघाले. खालच्या कोपऱ्यात 'काढणारा' म्हणून बारीक अक्षरांत सही असते. इमारत झाल्यावर तो कोपरा कोणी बघत नाही."

त्या रात्री मी दोन्ही चिठ्ठ्या काढून नव्या लिहिल्या. साहेबाचे चित्र उतरवावे की काय, हाही विचार मनात आला. मास्तर म्हणाले, "चित्र राहू दे. चिठ्ठी बदल." त्याप्रमाणे 'स्थापत्यकार : सी. खं. वैद्य व डी. एन. मिर्झा, पुरी केली : डब्ल्यू. ए. चेंबर्स, प्रस्तुत साहेब काल्पनिक' अशी चिठ्ठी झळकली. दुसऱ्या दिवशी चित्रापुढची गर्दी बरीच रोडावली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

माझी चूक साधी नव्हती, हे पुढे हळूहळू उमगत गेले. दंतकथा खोटी होती इतकेच असते तर हसून सोडून देता आले असते. पण या गोष्टीत एका खऱ्या घटनेची सावली आहे. काम अर्धवट टाकून या इमारतीचा कर्ता खरोखरच गेला होता. लोकांच्या बोलण्यात मृत्यू शिल्लक राहिला, फक्त मेलेल्याचे नाव बदलले. वैद्यांच्या जागी साहेब आला. एवढी मोठी इमारत आपल्यापैकी कोणी योजली असेल, हे आपल्यालाच खरे वाटेना. काकांनाही नाही, आणि चित्रशाळेत शिकणाऱ्या मलाही नाही. बोरीबंदरच्या दगडांवर मोर, माकडे, पाने, वेली कोरणाऱ्या जे. जे. स्कूलच्या पोरांचे तरी काय झाले? ग्रिफिथ्स मास्तरांच्या देखरेखीखाली त्यांनी ते काम केले, हे नमूद आहे. मास्तरांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पोरांची नावे दगडांनाच ठाऊक.

गंमत अशी की, हा उडी मारणारा साहेब एकट्या मुंबईचा नाही. ग्लासगो शहरात केल्व्हिनग्रोव्हचे कलासंग्रहालय आहे, १९०१ सालच्या मोठ्या प्रदर्शनात उघडलेले. तिथलेही लोक सांगतात की इमारत उलटी बांधली गेली आणि स्थापत्यकाराने मनोऱ्यावरून उडी टाकली! वस्तुतः प्रदर्शन बागेत भरायचे होते म्हणून तिचे तोंड बागेकडे. आणि तिच्या दोघां स्थापत्यकारांपैकी सिम्प्सनसाहेब पुढे वेम्ब्लीचे क्रीडांगण बांधून १९३३ पर्यंत सुखाने जगले. मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या भाच्याने तर आणखी एक कळवले. तिथे फ्लिंडर्स स्ट्रीटचे घुमटाचे स्टेशन आहे. लोक त्याला म्हणाले, हे स्टेशन खरे तुमच्या मुंबईचे. टपालात नकाशांची अदलाबदल झाली, आमचे तिकडे गेले आणि तुमचे इकडे आले. मी त्याला उलट टपाली लिहिले: आपले बोरीबंदर १८७८ साली सुरू होऊन १८८८ पर्यंत पुरे झाले. त्यांच्या नकाशाची स्पर्धाच १८९९ ची, आणि ती जिंकली त्यांच्याच रेल्वेतल्या दोघा नोकरांनी. टपालखाते कितीही संथ असले तरी अकरा वर्षे मागे जाऊन पत्र पोचवत नाही.

मग लोक सगळीकडे हेच का सांगतात? मला वाटते, ही गोष्ट साहेबाच्या कोटापेक्षा फार जुनी आहे. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथा आपल्याकडे सांगतात. बुरूज उभा राहीना, पायात माणसे पुरली तेव्हा तो टिकला. विहिरीला पाणी लागेना म्हणून घरची सून देणारे पाटीलही ओव्यांतून आणि गोष्टींतून भेटतात. मोठे बांधकाम जीव घेतल्याशिवाय उभे राहत नाही, ही समजूत गावाकडून डोक्यावर गाठोडे घेऊन शहरात आली आणि अपोलो बंदरावर तिला नवे कपडे मिळाले. बुरूज जाऊन घुमट आला, बळीच्या जागी साहेब आला. माझ्या पोटातला तो गोळाही बहुधा तितकाच जुना असावा. चित्रकाराला अशा गोष्टी लागतातच. माझी त्यानंतरची निम्मी चित्रे त्यांच्यावरच आहेत. फक्त चिठ्ठी लिहिताना तेव्हापासून हात जरा थबकतो.

२००८ साली राणीच्या बागेतले म्युझियम डागडुजी होऊन पुन्हा उघडले तेव्हा मी नातीला घेऊन गेलो. रंग, सोनेरी नक्षी, दिवे, सारे झळाळत होते. ती मातीच्या माणसांपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने विचारले, "आजोबा, ही कोणी केली?" तिला बाहेर हत्तीपाशी नेऊन मी ड्राफ्ट्समनबुवांची गोष्ट सांगितली.

काकांचे सांगायचे राहिलेच. प्रदर्शन संपल्यावर मी त्यांना सारा इतिहास रीतसर ऐकवला होता. वैद्य, मिर्झा, चेंबर्स, घोडागाड्या, सगळे. काकांनी लक्ष देऊन ऐकले. "वैद्य म्हणतोस? आपले वैद्य?" असे दोनदा विचारले. त्यांचा चेहरा उजळला होता. मला धन्य वाटले.

त्या दिवाळीत पुन्हा पाहुणे आले, पुन्हा वरात अपोलो बंदरावर गेली, आणि हुकमाप्रमाणे सगळ्यांनी समुद्राकडे पाठ केली. छत्री घुमटाकडे गेली. नकाशा उलटा धरला गेला, साहेब बोटीतून उतरला, वर चढला. छत्री फटकन खाली आली. बायका "अगंबाई!" म्हणाल्या. मग काकांनी माझ्याकडे एक अभिमानाची नजर टाकली, घसा खाकरला आणि पाहुण्यांना म्हणाले:

"आणि बरं का, मग आपल्या वैद्यांनी ती पुरी केली!"