अहुर मज्दा: एकमेव निर्माता की दोघांतला एक?

झरथुष्ट्री धर्मात देव एक की दोन, हा वाद मुंबईत खरा तापला तो १८३९ साली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि पारशी समाज खवळून उठला. १८४३ मध्ये विल्सन यांनी या धर्माचं खंडन करणारा ग्रंथच काढला. जगातलं वाईट दुसऱ्याच कुणी निर्माण केलं असेल तर अहुर मज्दा सर्वश्रेष्ठ कसा, हा त्यांचा रोख होता. या आक्षेपाला अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या वेंदिदाद या भागात आधार सापडतो. त्याच्या पहिल्याच प्रकरणात अहुर मज्दा सोळा प्रदेश घडवतो आणि अंग्र मैन्यू हा दुष्ट आत्मा प्रत्येकात एक पीडा सोडतो. पहिल्या आणि सर्वोत्तम भूमीच्या वाट्याला तर दहा महिन्यांचा हिवाळा येतो. पुढे १८५९ साली पुण्याला संस्कृत शिकवायला आलेले जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी वेगळी मांडणी केली. अवेस्तातली गाथा नावाची सतरा सूक्तंच तेवढी खुद्द झरथुष्ट्राची, आणि त्यांत मज्दा एकटाच सर्वांवर आहे, असं ते म्हणाले. पारशी सुधारकांनी हे मत उचलून धरलं. म्हणूनच आज असं म्हटलं जातं की पारशांचा एकेश्वरवाद ही मिशनऱ्यांच्या माऱ्यातून सुटण्यासाठी एकोणिसाव्या शतकात शोधलेली वाट होती.

मला हे अर्धंच खरं वाटतं. कोंडीत सापडलेल्या माणसाने दिलेलं उत्तर तेवढ्यानेच खोटं ठरत नाही. पुरावा काय सांगतो ते पाहायला हवं. इथे तर पुरावा अवेस्ताबाहेरचाही आहे. मुंबई इलाख्याच्या लष्करातून इराणला गेलेल्या हेन्री रॉलिन्सन यांनी बिसुतूनच्या कड्यावरचा प्राचीन इराणी सम्राट दारयवहूचा लेख वाचला आणि विल्सन यांच्या ग्रंथानंतर चारपाच वर्षांत तो प्रसिद्ध केला. या राजाचं राज्यच मुळी अहुर मज्दाच्या कृपेने आलेलं. नक्श-ए-रुस्तमला त्याच्या थडग्यावर कोरलेल्या लेखात हा देव पृथ्वी निर्माण करतो, आकाश निर्माण करतो, माणूस निर्माण करतो आणि माणसासाठी सुखही निर्माण करतो. अंग्र मैन्यूचं तिथे नावही नाही. सर्वश्रेष्ठ निर्मात्याची ही कल्पना ख्रिस्तापूर्वी पाचशे वर्षं खडकावर कोरलेली होती. ती विल्सन यांच्या धाकाने जन्मलेली नाही.

यावर दोन हरकती येतात. दारयवहू झरथुष्ट्राचा उल्लेख करत नाही, शिवाय ‘इतर देवां’चीही मदत मान्य करतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरी तर महत्त्वाची आहे. मज्दा सर्वांत मोठा होता, एकटा नव्हता. पुढे दुसऱ्या अर्तक्षत्र राजाच्या लेखांत मिथ्र आणि अनाहिता या देवता मज्दाच्या शेजारी येऊन बसतात. तेव्हा ‘शुद्ध एकेश्वरवाद’ हा शब्द ताणलेलाच. पण निर्मितीचा मान मात्र दारयवहू मज्दालाच देतो. पहिल्या हरकतीला उत्तर गाथांत मिळतं. चव्वेचाळिसाव्या यस्नात, म्हणजे गाथांतल्याच एका सूक्तात, झरथुष्ट्र मज्दाला प्रश्नांवर प्रश्न विचारतो: सूर्यताऱ्यांना वाट कुणी आखून दिली, वाऱ्याला आणि मेघांना वेग कुणी जुंपला? मग तो विचारतो, उजेड आणि अंधार कोणत्या कारागिराने घडवले? दोन्हींचा कारागीर एकच! इथेच माझ्या मते वादाचा निकाल लागतो. तिसाव्या यस्नातले जुळे मैन्यू, म्हणजे दोन आत्मे, भलंबुरं निवडतात, पण उजेडाप्रमाणे अंधारही मज्दाच्याच हातचा.

हाउग यांच्याशी मात्र एका ठिकाणी माझं जमत नाही. नंतरच्या द्वैताला ते मूळ शिकवणीची विकृती मानत. सासानी काळात जुळ्यांतला पवित्र मैन्यू आणि मज्दा एकरूप झाले आणि ओर्मज्द (अहुर मज्दा) थेट अह्रिमनसमोर (अंग्र मैन्यूसमोर) उभा राहिला. सासानी राजा अर्दशीरच्या शिल्पात तर त्याला सत्तेचं कडं देणाऱ्या ओर्मज्दच्या घोड्याखाली अह्रिमन चिरडलेला दिसतो. नवव्या शतकात मर्दान-फर्रुख या झरथुष्ट्री लेखकाने या द्वैताची बाजू निर्भीडपणे मांडली. जो पूर्ण चांगला आहे त्याच्या हातून वाईट घडूच शकत नाही. जगात वाईट तर डोळ्यांसमोर आहे. मग त्याचं मूळ वेगळंच असलं पाहिजे. निर्मात्याचं मोठेपण राखावं की त्याचा निष्कलंकपणा, असा हा पेच होता. गाथांनी पहिलं राखलं, पहलवी भाषेत लिहिणाऱ्या पंडितांनी दुसरं; आणि इस्लामी राजवटीत अल्पसंख्य होऊन जगताना मर्दान-फर्रुखने हे द्वैत लपवलं नाही, उलट एकेश्वरवाद्यांनाच जाब विचारला.