प्रयुक्ताच्या खुर्चीतून

आपल्याकडच्या शाळकरी मुलाची मानसशास्त्राशी पहिली गाठ पडली, तेव्हा मूल उत्तरं देत होतं आणि समोर बसलेला मोठा माणूस कागदावर खुणा करत होता. हे चाललंय ते मानसशास्त्र, असं त्या मुलाला कुणी सांगितलंही नसेल. ही गोष्ट १९३०च्या दशकातली, धारवाडकडची. तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथे कानडी मुलांच्या शेजारी मराठी मुलंही शिकत होती. व्ही. व्ही. कामत यांनी आल्फ्रेड बिनेची बुद्धिमापन चाचणी या दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी नव्याने बांधली. १९३४ साली त्यांचा त्यावरचा निबंध ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं पुस्तक निघालं. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही वापरात आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवत आले. आपल्याकडे या विषयाचा इतिहास सांगितला जातो तो विद्यापीठांचा. १९१६ साली कोलकात्यात हार्वर्डहून म्यूनस्टरबर्गच्या हाताखाली शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी विभाग उभा केला; १९५० साली पुणे विद्यापीठात वि. कृ. कोठुरकरांचा प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९५९ साली मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा. हे सगळं खरंच मोलाचं आहे. पण मला वर्गात उभं राहिल्यापासून पडलेला प्रश्न वेगळा आहे. सोळा वर्षांच्या पोरापर्यंत हे शास्त्र कोणत्या वाटेने पोचलं? जुने कागद चाळल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: आपण मुलांना आधी मोजलं, त्यांच्यासाठी शिक्षकांना शिकवलं, त्यांना करिअरचे सल्ले दिले, आणि ज्या शास्त्राच्या जोरावर हे सगळं केलं ते त्यांच्या हातात सगळ्यांत शेवटी ठेवलं.

बिनेचं काम मुळात शाळेसाठीच होतं. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखायचं कसं, हा तिच्यापुढचा प्रश्न. बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली सोप्याकडून अवघडाकडे जाणारे तीस प्रश्न बांधले. ऐकलेले आकडे परत म्हणून दाखवणं, चित्रातल्या वस्तू ओळखणं, दोन वजनांतलं जड कोणतं ते सांगणं, असे. पुढच्या आवृत्तीत फ्रेंच नाणीही होती. असा प्रश्न धारवाडच्या मुलाला विचारून काय कळणार? म्हणून चाचणी नुसती भाषांतरित करून भागत नाही. इथल्या मुलांवर ती पडताळावी लागते, कोणत्या वयाची बहुतेक मुलं कोणता प्रश्न सोडवतात हे नव्याने बघावं लागतं. कामतांचं मोठेपण या कष्टात आहे. मात्र बिनेची एक गोष्ट वाटेत हरवली. मुलाची बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारी ठरावीक रक्कम आहे, या समजुतीला त्याने १९०९च्या पुस्तकात कडाडून विरोध केला होता. १९११ साली तो गेला. पुढच्या वर्षी जर्मनीत स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची कल्पना मांडली आणि जगभर गेला तो या भागाकाराचा आकडा. बिनेचा विरोध पुस्तकातच राहिला.

दुसरी वाट शिक्षकांची. अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, पाठ टाचण काढताना घोटवून घेतलेली हर्बार्टची पंचपदी त्याला झोपेतही आठवेल. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट असं मानत असे, की नवी कल्पना मनात रुजते ती आधीच्या कल्पनांना धरून. त्याच्या शिष्यांनी त्यावरून पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे आपल्या प्रत्येक जुन्या मास्तरांच्या तोंडी असलेलं सूत्र याच कुळातलं. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक आला, सरावाचे आणि परिणामाचे नियम आले, आणि शैक्षणिक मानसशास्त्र हा शिक्षक होण्यासाठी पास व्हायचा एक पेपर झाला. मुलाचं लक्ष कसं वेधावं, त्याला विसर का पडतो, हे शिक्षकाला ठाऊक असे. मुलाला ते सांगावं, असं मात्र फारसं कुणाच्या मनात येत नसे.

तिसरी वाट व्यवसाय मार्गदर्शनाची, ती मुंबईतून निघाली. १९४१ साली तिथे बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघालं, स्वातंत्र्याच्या सुमारास पारशी पंचायतीने आपलं केंद्र काढलं, नंतर सरकारही यात उतरलं.

पुण्यातल्या ज्ञान प्रबोधिनीपाशी मात्र थांबायला हवं. १९६२ साली विनायक विश्वनाथ तथा आप्पा पेंडसे यांनी ती सुरू केली आणि शहरातल्या शाळांतून बुद्धिमान मुलं निवडताना मानसशास्त्रीय चाचण्यांचा आधार घेतला. १९६९ साली प्रबोधिनीची स्वतःची प्रशाला निघाली. त्यांच्यासमोर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्डचं बुद्धीचं प्रारूप होतं: पाच प्रकारच्या मानसिक क्रिया, चार प्रकारचा आशय, सहा प्रकारची फलितं, गुणाकार केला की १२० वेगवेगळ्या क्षमता. गिलफर्डच्या या १२० खणांवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी योग्य आहे. तरीही पुण्यातल्या एका शाळेने, बुद्धी म्हणजे गणितात पडलेले मार्क, ही समजूत सोडून दिली, याचं मला फार मोल वाटतं. प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका पुढे चाचण्या तयार करण्याचं काम करत राहिली. इथेही मूल बसायचं ते मोजून घेणाऱ्याच्या बाजूला. पण निदान मोजणाऱ्याने पट्टी बदलून पाहिली होती.

आणि मग आली १०+२. कोठारी आयोगाने १९६६ साली दिलेल्या अहवालातला आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला. १९७५ साली नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली, १९७७ साली बारावीची. त्याआधी अकरावी मॅट्रिक होऊन थेट कॉलेजात जावं लागे आणि मानसशास्त्र भेटायचं ते बी.ए.ला, बहुधा तत्त्वज्ञानाचा हात धरून. नव्या रचनेत कला शाखेच्या ऐच्छिक विषयांत मानसशास्त्राला जागा मिळाली आणि सोळा वर्षांची मुलं पहिल्यांदा या शास्त्राचे विद्यार्थी झाली. शिक्षणाच्या इतिहासात ही ओळ तळटीपेत जाते. मला ती ठळक अक्षरात हवी.

विषय घेणाऱ्या मुलांच्या मनात काय असायचं, ते दरवर्षी पहिल्या तासाला कळत असे. "मॅडम, समोरच्याच्या मनातलं ओळखायला शिकवतात ना?" हा एक प्रश्न. दुसरा घरून आलेला: वेड्यांचा अभ्यास करून काय मिळणार? आमच्याकडे येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव थट्टेत घ्यायची सवय आहे, त्यामुळे पालकसभेत एखादे काका खालच्या आवाजात विचारत, "मुलीच्या लग्नात अडचण नाही ना येणार?" मी त्यांना हसून उडवलं नाही. भीती खरी होती आणि तिला उत्तर भाषणाने मिळत नाही.

उत्तर मिळायचं प्रयोगातून. वरिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मी उपकरणं मागून आणत असे. त्यातलं आरसा-रेखाटनाचं उपकरण माझं सगळ्यांत लाडकं. लाकडी पाट, त्यावर उभा आरसा, हात थेट दिसू नये म्हणून आडवी पट्टी आणि कागदावर दुहेरी रेषेचा तारा. आरशात बघत त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. प्रत्येक बाकावर दोघं: एक प्रयोगकर्ता, एक प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. प्रयोगकर्ता वेळ घेतो, पेन्सिल रेषेबाहेर गेली की चूक मांडतो, प्रयुक्त शेवटी आपल्याला काय जाणवलं ते आत्मनिरीक्षण अहवालात लिहितो. पहिल्या प्रयत्नात वर्गातला चित्रकलेचा हुशार मुलगा ताऱ्याच्या पहिल्याच कोपऱ्यावर अडकतो, हात वर जायला सांगितला की खाली जातो. सात-आठ प्रयत्नांत चुका कमी होतात. मग मी हात बदलायला लावते. डाव्या हाताने कधी एक रेष काढलेली नसते, तरी तो हात उजव्याच्या पहिल्या प्रयत्नापेक्षा बरा चालतो. शिकलेलं एका हातापुरतं राहत नाही, हे वाक्य त्यानंतर पाठ करावं लागत नाही.

मग मी त्यांना हेन्री मोलेसनची हकीकत सांगते. १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची शक्ती गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला हाच आरशातला तारा तीन दिवस काढायला दिला. आपण हे आधी केलंय हे त्याला आठवत नव्हतं, पण त्याच्या चुका मात्र दिवसेंदिवस कमी होत गेल्या. एकाच माणसात एक स्मृती शाबूत आणि दुसरी नाहीशी. ही हकीकत ऐकताना, ज्या पोरांनी स्वतः नुकताच तो तारा काढलेला असतो, त्यांचे डोळे बघावेत.

प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त यांनी जागा बदलायच्या, हा माझा नियम कधी मोडला नाही. बालवाडीपासून आपल्याला तपासलं जातंय याची सवय झालेलं मूल पहिल्यांदा घड्याळ हातात घेतं, सूचना वाचून दाखवतं, आणि त्याला कळतं की सूचनेतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी उत्तर बदलतं. परीक्षा कशी घडते हे त्याला आतून दिसतं.

स्मृतीच्या प्रयोगासाठी एबिंगहाउसला शरण जावं लागतं. या माणसाने एकट्याने, स्वतःलाच प्रयुक्त करून, सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव वापरून विसरण्याचा नियम शोधला आणि १८८५ साली प्रसिद्ध केला. पाठ केलेली यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्याने मोजलं. वीसेक मिनिटांनी ५८ टक्के, एका दिवसाने ३४, एकतीस दिवसांनी २१. म्हणजे घसरण सुरुवातीलाच मोठी, पुढे मंद. वर्गात आम्ही आमच्या याद्या तयार करायचो: झूध, मीफ, छेठ. एकदा एका मुलीने 'डूख' लिहिलं. मागच्या बाकावरचा वाडीतला मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, ह्याला अर्थ आहे की. साप डूख धरतो." तिला तो शब्द नवा, त्याला आजीच्या तोंडचा. एकाला कोरी वाटणारी यादी दुसऱ्याला कोरी नसते, ही अडचण एबिंगहाउसच्या मागून आलेल्या संशोधकांनाही पुरून उरली होती. मुलांनी एका दिवसाने पुन्हा पाठ करून आपापला वक्र काढला आणि सगळ्यांचे वक्र भिंतीवर लावले. पहिल्या क्रमांकाच्या मुलीची रेषही खाली उतरली होती. विसरणं ही आपल्या एकट्याच्या डोक्याची खोट आहे, असं मनाशी धरून बसलेली कितीतरी मुलं त्या भिंतीपाशी रेंगाळायची.

म्यूलर-लायरचा भ्रमही असाच. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर उघडलेले. पट्टीने मोजून सारख्या आहेत हे कळल्यावरही डोळे ऐकत नाहीत. रिव्हर्स हा इंग्रज संशोधक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत तोडा लोकांमध्ये जाऊन राहिला आणि त्यांच्यावर हा भ्रम इंग्रज प्रयुक्तांपेक्षा कमी चालतो, असं त्याने १९०५ साली नोंदवलं. बघणंसुद्धा सगळीकडे एकसारखं नसतं, याचा हा इतका जुना पुरावा आपल्याच देशातला आहे.

२०१६पासून काही वर्षं राज्यभर दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. त्यानंतर अकरावीत येणारी मुलं हातात तो कागद घेऊन यायची. "मॅडम, माझा कल गणवेशधारी सेवा आलाय. पण मला पोलिसांत जायचंच नाहीये. मग मी चुकलो का?" मी तो कागद पाठ्यपुस्तकासारखा वापरला. चाचणीची विश्वसनीयता कशी तपासतात, सप्रमाणता म्हणजे काय, मानकं कुणावरून काढतात, त्या गटात आपल्या तालुक्यातली मुलं असतील का, हे त्या एका कागदावरून शिकवता येतं. कल आणि क्षमता यांतला फरकही. त्या मुलाने नंतर स्वतःच दहा प्रश्नांची एक छोटी आवड-चाचणी बनवली, मित्रांना पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा दिली, आणि निम्म्या जणांची उत्तरं बदललेली पाहून माझ्याकडे तक्रार घेऊन आला. त्या तक्रारीवर आमचा अख्खा तास गेला.

बालभारतीच्या २०१९ आणि २०२०च्या नव्या पुस्तकांत अकरावीची सुरुवात मानसशास्त्राच्या गोष्टीने होते, ताणतणावावर स्वतंत्र पाठ आहे, बारावीत बुद्धी आणि मानसिक विकार आहेत. पुस्तकं जुन्यांपेक्षा मुलांच्या कितीतरी जवळ आली आहेत. पण विषय ऐच्छिक आहे, कला शाखेपलीकडे तो फारसा जात नाही आणि पुष्कळ कनिष्ठ महाविद्यालयांत तो नसतोच. नववीतल्या मुलाला तर तो भेटतच नाही, आणि छाती धडधडणं, रात्र रात्र झोप न लागणं, स्वतःच्या शरीराची लाज वाटणं हे सगळं त्या वयात सुरू झालेलं असतं.

नववीच्या वर्गशिक्षकांना मी आता एवढंच सुचवते, की उपकरणांची वाट बघू नका. कागदावर चार आकड्यांपासून नऊ आकड्यांपर्यंतच्या ओळी लिहा. एका मुलाने सेकंदाला एक या वेगाने वाचायच्या, दुसऱ्याने ऐकून परत म्हणायच्या, तिसऱ्याने चूक मांडायची. बिनेने हेच विचारलं होतं, कामतांच्या चाचणीतही याच धर्तीचं काम मुलाला करायला लावतात. मग तेच आकडे फोन नंबरासारखे तोडून वाचायला सांगा आणि काय फरक पडतो ते त्यांचं त्यांना लिहू द्या. झालं की जागा बदला.