वाळूतलं लोखंड

मराठवाड्यात लहानपण गेलेल्यांपैकी अनेकांनी हा उद्योग केला असेल. फुटक्या स्पीकरमधला गोल लोहचुंबक दोऱ्याला बांधायचा आणि बांधकामाच्या वाळूतून ओढत न्यायचा. बघता बघता त्याला काळी मिशी फुटते! ते कण कागदावर झटकायचे आणि खालून चुंबक फिरवून नाचवायचे.

या फुकटच्या खेळामागे बराच इतिहास आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा बेसाल्ट झाला. वेरूळचं कैलास लेणं कोरलंय तो हाच खडक. त्यात मॅग्नेटाइट असतं. खडक झिजला की ते नदीच्या वाळूत येतं. आपली मिशी ती हीच!

चुंबक मात्र अलीकडचा. पूर्वीच्या चांगल्या चुंबकांना निकेल, कोबाल्ट असे महाग धातू लागत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत लोखंडाच्या ऑक्साइडपासून स्वस्त फेराइट चुंबक तयार झाला. तो स्पीकरमध्ये गेला, आणि तिथून भंगारात.

पण भंगार हेही शिक्षणाचं साहित्य असू शकतं, हे कुणीतरी सांगावं लागतं. १९४५ साली बोर्डीला काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे मुलांच्या हाती दिले. पुढे टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले आणि टाकाऊतून खेळणी करण्यातच रमले. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांची कडीचुंबकांवर तरंगणारी पेन्सिल कित्येक मुलांनी पाहिली.

माझी पाच वर्षांची भाची परवा घरभर चुंबक लावत हिंडली. डबा चिकटला, ताट नाही. "मावशी, दोन्ही चकचकीत, मग असं का?" तिने स्वतःच दोन ढीग केले, मोजले, कुठला मोठा ते सांगितलं. वर्गीकरण, मोजणी, तुलना, सगळं झालं. शिकवलं कुणीच नाही.

हल्ली दुकानात छोटे, जबर ताकदीचे निओडिमियमचे मणी मिळतात. ते लहानग्यांच्या हाती अजिबात देऊ नका. दोन गिळले तर आतडी मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि जिवावर बेततं. त्यापेक्षा स्पीकरचा तोंडात न मावणारा, न तुटलेला जाडजूड चुंबक द्या, आणि जवळ बसा.

आणि हो, "असं का?" विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. ताराबाईंपासूनची ही सगळी खटपट त्या प्रश्नासाठीच तर होती.