पाठीवरची शाळा

शाळा बंद पडते ती बहुधा गाजावाजा न होता. आधी एक तुकडी कमी होते. मग चित्रकलेचे मास्तर बदलून जातात नि त्यांच्या जागी कोणी येत नाही. एखाद्या जून महिन्यात पहिलीच्या वर्गात चारच पोरे बसलेली दिसतात, आणि पुढच्या जूनला फाटकाला कुलूप! तालुक्याच्या गावी तीस वर्षे मास्तरकी केली, त्यात हे मी दोनदा जवळून पाहिले. दोन्ही वेळा गावकऱ्यांनी अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, आणि दोन्ही वेळा सगळ्यांचा जीव अडकला होता तो इमारतीत. ‘आमच्या आजोबांनी जागा दिली हो,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. ‘आत काय चालत होते ते वाचवा,’ असे म्हणणारा कोणी भेटला नाही. त्यामुळे आपली शाळा वाचावी म्हणून आपल्याच हातांनी ती मोडणाऱ्या एका हेडमास्तरांची हकिगत वाचनात आली, तेव्हा ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवल्यावाचून मला राहवेना.

या गृहस्थांचे नाव पाउल गेहेब. जन्म १८७० चा, जर्मनीतल्या ऱ्होन डोंगराळ मुलखातला. वडील औषधविक्रेते, आणि हौस म्हणाल तर शेवाळांचा अभ्यास! मुलगा शिकला धर्मशास्त्र, पण पाद्री मात्र झाला नाही. शाळामास्तरकीचे वेड त्याला लागले आणि ते नव्वदाव्या वर्षापर्यंत सुटले नाही. दुसऱ्यांच्या शाळांतून उमेदवारी झाल्यावर १९०९ साली गेहेबांनी एडिथ कासिरेर या तरुणीशी लग्न केले. एडिथबाई बर्लिनच्या एका धनाढ्य ज्यू घराण्यातल्या. वडील मॅक्स कासिरेर मोठे कारखानदार आणि नगरपिते. जावई निष्कांचन, दाढीवाला आणि चाळिशीला टेकलेला. सासरेबुवांना आनंद झाला असेल असे मला वाटत नाही. परंतु पुढे शाळेच्या इमारती उभ्या राहिल्या त्या याच सासऱ्यांच्या पैशांवर, हेही नमूद केले पाहिजे.

१९१० च्या एप्रिलात हेपेनहाइमजवळच्या ओबर-हाम्बाख या खेड्यात, जंगलाच्या कुशीत ही शाळा सुरू झाली. नाव ओडेनवाल्डशुले. (आपल्याकडे त्याच साली प्रो. विजापूरकरांच्या तळेगावच्या समर्थ विद्यालयाला सरकारने टाळे ठोकले. शाळेची धास्ती घेणारी सरकारे सर्व काळी असतात.) घरांना नावे दिली होती ती गोएथे, शिलर, हेर्डर, हुम्बोल्ट अशी. मुलगे आणि मुली एकत्र राहत, एकत्र शिकत. आणि हे त्या काळच्या जर्मनीत, जिथे मुलीने गणित शिकावे की नाही यावर विद्वान लोक वाद घालीत होते! इयत्ता जवळजवळ नव्हत्याच. मुलाने एका वेळी दोन-तीन विषय निवडायचे, महिनाभर सकाळी तेच करायचे, आणि महिनाअखेरीस आपण काय केले ते साऱ्या शाळेपुढे मांडायचे. दुपारी सुतारकाम, बागकाम, गाणे. प्रत्येक शिक्षकाभोवती पाच-सात मुलांचे ‘कुटुंब’. आणि वरचेवर भरणारी शाळेची सभा. या सभेत दहा वर्षांच्या पोराचे मत आणि खुद्द गेहेबांचे मत यांचे वजन सारखे धरले जाई. मला स्वतःला हा शेवटचा प्रकार झेपला नसता. आमच्या शाळेत शिपायाचे मत हेडमास्तरांनी ऐकले तरी तो चमत्कार समजला जाई.

या शाळेची कीर्ती पसरली तशी निरनिराळ्या देशांतली मुले आणि पाहुणे येऊ लागले. १९३० च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ ठाकूर तेथे गेले. दोघेही लांब पांढऱ्या दाढीचे, दोघेही झाडाखाली शाळा भरवावी या मताचे. एकमेकांना पाहून दोघांनाही आरशात पाहिल्यासारखे झाले असेल. हिंदुस्थानाशी आलेला हा संबंध तेवढ्यावर थांबला नाही. गेहेबांच्या शाळेत वावरलेल्या एलेन या जर्मन बाईंनी पुढे व्ही. एन. शर्मा यांच्याशी विवाह केला आणि या जोडप्याने १९३७ साली मद्रासच्या मैलापुरात ‘चिल्ड्रन्स गार्डन स्कूल’ काढले. ओडेनवाल्डच्या जंगलातले एक रोप असे कपालीश्वराच्या शेजारी रुजले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि मार्चमध्येच तपकिरी गणवेशातल्या टोळ्या शाळेत घुसल्या. झडत्या झाल्या. ज्यू शिक्षकांना दूर करण्यात आले, त्यांच्या जागी सरकारी मर्जीतले मास्तर पाठवण्यात आले. मुलगे आणि मुली यांची घरे वेगळी करा, असे फर्मान सुटले. गेहेबांनी आरंभी अर्जविनंत्या करून पाहिल्या, ओळखीच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. मुत्सद्दीपणाने काही निभावेल असे त्यांना काही महिने वाटत होते. निभावले नाही. शाळेच्या पाटीवरचे नाव तेच राहिले, घरे तीच राहिली, पण सभेत मूल मोकळेपणाने बोलेना, आणि कुणाचे वडील ज्यू आहेत याची नोंद ठेवणारे डोळे जेवणघरात बसू लागले.

येथे खरा पेच आहे, आणि तो मला पुस्तकी वाटत नाही. शाळा चालू ठेवायची तर मान तुकवायची. मान तुकवली तर जी चालू राहील ती आपली शाळा नव्हे. गेहेबांनी तिसरी वाट काढली. विश्वासातल्या पालकांना त्यांनी आतून सुचवले की मुले काढून घ्या. पट घसरला की शाळा चालवणे अशक्य झाले असे सरकारला सांगता येते. कोणी बंड केले असे दिसत नाही, आणि कोणाला अटक करायलाही निमित्त उरत नाही. पट टिकावा म्हणून घरोघर फिरणारे मास्तर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. आपल्याच शाळेचा पट रिकामा करण्यासाठी खटपट करणारा हेडमास्तर हा एकच!

सहकाऱ्यांपैकी सर्वांना हे पटले नाही. हाइन्रिख झाक्स आणि वेर्नर मायर यांनी इमारती हाती घेऊन नव्या राजवटीत शाळा पुढे चालवली. त्यांना एका शब्दात खलपुरुष ठरवणे सोपे आहे. पण खेड्यातली रोजीरोटी, मागे राहिलेली मुले, चोवीस वर्षांची पुंजी, हे सगळे सोडून जाणे प्रत्येकाला जमत नाही. गेहेबांना जमले याचे एक कारण मला असे वाटते की त्यांच्याबरोबर एडिथबाई होत्या, आणि बाईंना राहण्याची सोयच उरली नव्हती. ज्यांनी इमारती बांधून दिल्या त्या मॅक्स कासिरेरांना पुढे नाझींनी लुबाडले. देश सोडून ते ब्रिटनमध्ये गेले आणि १९४३ साली तेथेच वारले.

१९३४ च्या एप्रिलात गेहेब पतिपत्नी स्वित्झर्लंडमध्ये आली. पाउल ६३ वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनची तारीख विचारीत असतो. बरोबर दोन डझनांच्या आसपास मुले. जिनीव्हाजवळ व्हेर्स्वा येथे ‘आंस्तित्यू मोनिये’ नावाची एक शाळा होती, तिच्या आसऱ्याने त्यांनी बिऱ्हाड मांडले. आडॉल्फ फेरिएर हा स्विस शिक्षणतज्ज्ञ जुना स्नेही. त्याचा शब्द उपयोगी पडला. याच दिवसांत गेहेबांच्या मनातल्या जुन्या कल्पनेला आकार आला. जर्मन शाळा नको, स्विस शाळा नको. निरनिराळ्या देशांची, भाषांची, धर्मांची मुले एकत्र राहतील, पण कुणी आपले मूळ पुसून टाकायचे नाही, अशी शाळा हवी. तिचे नाव पुढे ‘एकोल द्युमानिते’ असे पडले. ‘मानवतेची शाळा’ म्हणा, किंवा ‘माणसांची शाळा’. मला दुसरे अधिक आवडते.

नाव मोठे, पण पदरी काय? जर्मनीतून पैसा बाहेर नेण्यावर कडक निर्बंध होते, त्यामुळे जर्मन आईबापांची इच्छा असूनही फी पोचत नसे. परक्या शिक्षकांना स्वित्झर्लंडमध्ये कामाचा परवाना मिळणे म्हणजे महाकर्म; राहण्याचा परवाना थोड्या थोड्या मुदतीचा. पोलिसी कचेरी, घरमालक, वाणी, या तिघांशी एकाच वेळी गोड बोलण्याची कला एडिथबाईंनी तेव्हा साधली असावी. गेहेब हे मुलांचे आणि प्राण्यांचे गडी. हरणाला हातून चारा घालावा, घुबड पाळावे, संध्याकाळी मुलांना काही वाचून दाखवावे. हिशेब, पत्रव्यवहार, स्वयंपाकघर, कर्जाची विनवणी हे सारे बाईंच्या खांद्यावर. शाळांचे इतिहास लिहिणारे बहुधा संस्थापकाचा फोटो छापतात. हिशेबाची वही कोणी छापत नाही.

१९३९ साली व्हेर्स्वाची जागा सोडावी लागली. मुर्तेनजवळच्या ग्रेंग येथील एका वाड्यात शाळा गेली आणि पाठोपाठ महायुद्ध सुरू झाले. परदेशी पालकांनी घाईघाईने मुले परत नेली. हातातोंडाशी आलेला डाव विस्कटला. पुन्हा बोचकी बांधून मंडळी फ्रीबुर्ग परगण्यातल्या डोंगरात, लाक न्वार म्हणजे ‘काळा तलाव’ या एकांतातल्या जागी आली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तशी ही शाळा. काही काळ तर मुले इतकी थोडी उरली की सगळ्यांची मिळून एक पंगत धड भरू नये. अन्नाला रेशन, कोळशाची टंचाई, बाहेर बर्फ. हेडमास्तर सत्तरीत. यावेळी शाळा मिटवून टाकली असती तर कोणी नाव ठेवले नसते. उलट सुटलात, असेच म्हटले असते.

ती मिटली नाही याचे श्रेय कोणा लक्षाधीशाला देता येत नाही. ज्या युद्धाने पैसे भरणारी मुले ओढून नेली त्याच युद्धाने दुसरी मुले डोंगरावर पाठवली. निर्वासितांची मुले, ज्यू मुले, आईबाप कुठे आहेत हे ठाऊक नसलेली मुले. ज्यांना सांभाळायला मदत-संस्थांना जागा सापडत नव्हती, ती हळूहळू येथे येऊ लागली. त्यांच्या खर्चापोटी जे तुटपुंजे पैसे येत त्यांवर सगळ्यांचेच पोट भरायचे. फी देणाऱ्यांची शाळा बंद पडणारच होती. जिला फी मिळण्याची आशाच उरली नाही ती शाळा तगली. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी याचा उलगडा करावा.

ही मुले काही गुणी बाळे नव्हती. ज्या पोराने सरहद्द रात्री ओलांडली आहे, खोटे नाव सांगून दिवस काढले आहेत, त्याला ‘सभेत मोकळेपणाने बोल’ म्हटल्याने ते बोलत नाही. असे मूल आधी भाकरी उशाखाली लपवते. घंटा, तास, परीक्षा यांनी बांधलेल्या शाळेत त्याचा निभाव लागता ना. येथे मात्र शिक्षकाचे ‘कुटुंब’ होते, सकाळी दोन-तीनच विषय होते, दुपारी हाताला काम होते. १९१० साली जंगलात सुखवस्तू मुलांसाठी योजलेली ती रीत, जिची बर्लिनच्या व्यवहारी लोकांनी चैन म्हणून थट्टा केली असेल, ती अशा मुलांना औषधासारखी लागू पडली. जर्मनीतून निघताना गेहेबांनी काय वाचवून आणले होते ते या डोंगरावर दिसले.

१९४६ साली शाळेने शेवटचे स्थलांतर केले. बर्नीज ओबरलँडमध्ये, मायरिंगेनच्या वर, हासलीबेर्ग पठारावरचे गोल्डर्न हे खेडे. युद्धानंतर छळछावण्यांतून आणि उद्ध्वस्त शहरांतून आलेली मुले येथे दाखल झाली. मग हळूहळू इंग्लंड-अमेरिकेची, शेजारच्या देशांची, आणि ज्या जर्मनीने हाकलून दिले तिथलीही. ज्यांचे बाप एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते ती मुले एका टेबलाशी बसून बटाटे सोलू लागली. गेहेब तेव्हा ७५ वर्षांचे, एडिथबाई साठीच्या.

मागे राहिलेल्या शाळेचे काय झाले, असे वाचक विचारतील. ओडेनवाल्डशुले युद्धानंतर १९४६ साली मिन्ना श्पेख्ट या नामवंत बाईंनी नव्याने उभी केली. गेहेब परतले नाहीत. पुढे त्या शाळेला मोठा लौकिक मिळाला, मोठ्यांची मुले तेथे शिकली. आणि १९९९ मध्ये दबकत, २०१० मध्ये उघडपणे, तेथील एका माजी मुख्याध्यापकाने आणि काही शिक्षकांनी अनेक वर्षे मुलांवर केलेले अत्याचार बाहेर आले. ज्या ‘कुटुंबा’च्या भरवशावर मूल शिक्षकाच्या घरात राही त्याच भरवशाचा तो घात होता. गेहेबांची रीत हातात आली म्हणजे गेहेबांची नजर येते असे नाही, आणि शिक्षकावर कोणाची नजर नसेल तर चांगली रीतही मुलांच्या जिवावर उठते. हे लिहिताना माझा हात जड होतो. २०१५ साली ती शाळा पैशांअभावी बंद पडली. गोएथे, शिलर, हेर्डर ही घरे मात्र उभीच राहिली.

गेहेब १ मे १९६१ रोजी गोल्डर्न येथे वारले. त्यानंतर शाळा आर्मिन ल्यूथी आणि नाताली ल्यूथी या जोडप्याने सांभाळली. एडिथबाई आणखी वीस वर्षांहून अधिक जगल्या, नव्वदी ओलांडून १९८२ पर्यंत, त्याच डोंगरावर, मुलांच्या गलक्यात.