चकमक, कलम आणि नाव

जेऊरच्या आमच्या घरात एक पितळी लायटर आहे. आमच्या दादांचा, म्हणजे अब्बांच्या वालिदांचा. त्यात आता वात नाही, पेट्रोल नाही. वरचा निकेलचा मुलामा अंगठा टेकायच्या जागी पार उडाला असून आतले पिवळे पितळ दिसते. एका बाजूस ठिपक्याठिपक्यांनी दादांचे नाव देवनागरीत घातलेले आहे आणि खाली गाव, तेही 'जेउर' असे, ऱ्हस्व उकाराने. दुसऱ्या बाजूस तेच नाव उर्दूत. अब्बा सांगत की, बाजारात भांड्यांवर नावे घालणारा एक कारागीर बसे, त्याच्याकडून दादांनी हे करून घेतले. तो अक्षरावर पैसे घेई. म्हणून दादांनी नावातले 'शेख' गाळले, असे घरात हसून सांगितले जाई. दादांचे नाव शंभर वेळा घेतले गेले, कोरणाऱ्याचे मात्र कुणालाच आठवत नाही. त्याच्या शोधात आम्ही जे वाचले, जे पाहिले, ते येथे मांडत आहोत.

प्रथम लायटरविषयी. आपल्याकडे खिशातला विस्तव नवा नाही. गारेचा खडा, पोलादाचा तुकडा आणि कापूस एवढे बटव्यात असले की धनगराला आणि शेतकऱ्याला रानात चिलीम पेटवता येई. या साधनाला आपण चकमक म्हणतो. हा शब्द तुर्की. तुर्कस्तानात आजही सिगारेटच्या लायटरला 'चाकमाक'च म्हणतात. ज्या क्रियापदापासून तो झाला त्याचा अर्थ ठोकणे, आघात करणे. लष्कराबरोबर तो दख्खनेत आला, चकमकीच्या बंदुकीत शिरला, आणि मराठीत तर छोट्या लढाईलाही चकमक म्हणू लागले. दादांना हे ठाऊक असते तर त्यांनी लायटरला लायटर म्हटले नसते.

काडेपेटी स्वस्त झाली आणि चकमक मागे पडली. ती पुन्हा खिशात आली ती एका ऑस्ट्रियन शास्त्रज्ञामुळे. कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख यांनी 1903 साली लोह आणि सेरियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. बारीक दात्यांच्या चाकाने खरवडले की या धातूतून भरपूर ठिणग्या उडतात. लायटरमध्ये आपण ज्याला 'खडा' म्हणतो तो दगड नसून हाच धातू होय. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या शिपायांनी रिकाम्या काडतुसांचे लायटर बनवले, त्यांवर नावे आणि ठिकाणे कोरली. अमेरिकेत जॉर्ज ब्लेसडेल यांनी 1932 मध्ये झिप्पो कंपनी काढली. व्हिएतनाम युद्धात सायगावच्या रस्त्यावर बसणारे कारागीर अमेरिकन शिपायांच्या झिप्पोवर नावे, साल आणि चार कडवट शब्द कोरून देत. ते लायटर आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. त्यांवर शिपायाचे नाव असते, कारागिराचे नसते. इथे आम्हाला जेऊरचा बाजार आठवला.

आता कोरण्याविषयी. आमच्या मते ही कला आपल्या समाजात तीन वाटांनी आली.

पहिली वाट शिक्क्याची. बादशाही कारभारात कागदाला किंमत येई ती मोहोरेने, आणि मोहोर कोरणाऱ्याला मुहरकन म्हणत. त्याला प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागे, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटे. मराठीत 'शिक्कामोर्तब' हा शब्द तिकडूनच आला. दख्खनच्या सरदारांचे शिक्के बहुधा फारसीत असत. शिवछत्रपतींनी आपली अष्टकोनी राजमुद्रा संस्कृतात केली. लिपी बदलली, भाषा बदलली, तरी धातूत अक्षर उतरवण्याचे काम तेच राहिले.

दुसरी वाट हत्याराची. शिकलगार हे आडनाव आपल्यापैकी अनेकांचे आहे. 'सैकल' म्हणजे पोलादाला झिलई देणे; ती देणारा तो सैकलगर. तलवारीला पाणी देणे, धार लावणे हे शिकलगारांचे काम. मुठीवर पोलादात सोन्याची तार ठोकून बसवण्याची कोफ्तगरी हेही त्याच दुनियेतले. 1857 नंतर इंग्रजांनी हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने उरलेसुरले संपवले. ज्या हातांनी तलवारी सांभाळल्या ते कात्र्या, विळ्या आणि अडकित्त्यांना धार लावू लागले. या बदलाची नोंद इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीची असते. त्या घरांनी तो पोटावर सोसला.

तिसरी वाट बिदरची, आणि ती आम्हाला सर्वांत जवळची वाटते. करमाळा परगणा निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकरांकडे होता; आमच्या भागाचे तोंड पुण्याकडे होण्याआधी पूर्वेला होते. बिदर जिल्ह्यात आजही मराठी बोलणारी घरे पुष्कळ. तेथील बिदरी काम बहमनी काळापासूनचे मानतात. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे घालून वस्तू ओततात. तिला मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. मग कारागीर कलमाने नक्षी कोरतो. होय, छिन्नीलाही कलमच म्हणतात. त्या खाचांत चांदी ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून गरम वस्तूवर चोळायची. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच चमकत राहते. एके काळी हुक्क्याची बुडे हा या कामाचा मोठा भाग होता. हुक्के गेले तेव्हा हेच हात सिगारेटच्या डब्या आणि राखदाण्या करू लागले. तंबाखू ओढायची रीत बदलली तशी नक्षी सरकली. 2006 मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले. 2023 मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा एका कारागिराचे नाव देशभर छापून आले याचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

आमचा बाजारातला कारागीर यातल्या कुठल्या वाटेने आला, हे लायटर सांगत नाही. पण त्याचे काम पाहिले की हात कळतो. भांड्यावर नाव घालताना बारीक छिन्नी धरून हातोडीने हलके ठोके देत अक्षर पुढे न्यायचे. ठिपक्याला ठिपका लागून रेघ होते. जाड तांब्याच्या हंड्याला ठोका सोसतो. लायटरचा पत्रा पातळ आणि आतून पोकळ. आतला कापसाचा भाग बाहेर काढून आत लाकडाचा ठोकळा घातल्याशिवाय ठोका दिला तर पोचा पडणार. दादांच्या लायटरला एकही पोचा नाही. देवनागरी बाजूला शिरोरेघ दिलेली नाही, जागा वाचवली असावी. खरी करामत उर्दूच्या बाजूस आहे. उर्दूत नुक्त्यावर सगळा अर्थ. इथे तर अक्षरेच ठिपक्यांची, मग नुक्ता ओळखावा कसा? कारागिराने नुक्त्याचा ठोका जरा जोरात दिला आहे. भिंग लावले की ते खड्डे इतरांपेक्षा खोल दिसतात. हे त्याला कोणत्या मदरशाने वा शाळेने शिकवले असेल? ज्याने 'जेऊर' चुकवले त्याने नुक्ता चुकवला नाही.

आम्हाला येथे एक बोलायचे आहे. मुसलमानांची मराठी हा आजही काही जणांना आश्चर्याचा विषय वाटतो. सभांतून आम्हाला विचारतात, 'तुम्ही इतके चांगले मराठी कसे बोलता?' आम्ही त्यांना घरातला तांब्या उलटा करून पाहायला सांगतो. लग्नात आलेल्या ताटावाट्यांवर 'सौ.', 'चि.', 'यांजकडून सप्रेम भेट' असे घातलेले असते. ही अक्षरे घालणाऱ्यांत, भांड्यांना कल्हई करणाऱ्यांत आमची माणसे होती. गावच्या प्रत्येक सुनेचे नाव त्यांच्या छिन्नीखालून गेले. ऱ्हस्वदीर्घ चुकले असेल, पण मराठीच लिहिली.

पुढे स्टीलची भांडी आली. स्टील कठीण, छिन्नीला दाद देईना. मग विजेवर थरथरणारी सुई आली. दुकानदारच दोन मिनिटांत नाव घालून देऊ लागला. आता लेझरचे यंत्र संगणकातून कुठलीही लिपी, फोटोसुद्धा उतरवते, आणि ऊ दीर्घच काढते. आम्ही यंत्राला नावे ठेवत नाही.

तांब्यापितळेची जुनी भांडी मात्र मोडीत चालली आहेत, किलोवर. आमच्या भागात या मोडीला आणखी एक अर्थ आहे. 1980 च्या सुमारास उजनी धरण भरले आणि भीमाकाठची केत्तूरसारखी गावे जागेवरून उठली. घरे पाण्याखाली गेली, हंडे-कळशा बैलगाडीत बसून वर आल्या. त्यांवर जुन्या मुक्कामाचे नाव ठिपक्यांत तसेच आहे. मोडवाल्याच्या तराजूत अशी कळशी पडली की ती वितळायला जाते आणि नावही जाते.

लायटरला पॉलिश करून घेऊ, नवा दिसेल, असे आमचा पुतण्या म्हणत होता. झिलईचे चाक फिरले तर ठिपके आधी जातील, म्हणून आम्ही त्याला थांबवले. वाचकांपैकी कोणाच्या घरी नावे घालणाऱ्याची छिन्नी, त्याची हिशेबाची वही किंवा त्याच्या हातचे एखादे भांडे असेल तर ते मोडीत घालण्याआधी त्यावरची अक्षरे तेवढी कागदावर उतरवून ठेवावीत. आणि वडीलधाऱ्यांपैकी कोणाला त्या कारागिराचे नाव आठवत असेल, तर तेही त्याच कागदावर लिहावे.